कणसाची निवड : घरच्या ज्वारीचे गुण पिढीगणिक कसे बदलावेत

घरच्या ज्वारीचे बी घरीच धरण्याची रीत सोलापूर जिल्ह्यात अजून पुरती मोडलेली नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, मोहोळ-बार्शीकडे किंवा अक्कलकोटच्या पट्ट्यात खळ्यावर कणसांचा ढीग पडला की घरातील जाणते माणूस त्यातून टपोरी कणसे बाजूला काढते, त्यांची जुडी बांधून आढ्याला टांगते, आणि पुढच्या हस्ताच्या पेरणीला तेच बी तिफणीच्या चाड्यावर येते. रीत चांगली आहे, परंतु तिच्यात एक मोठी खोट आहे. खळ्यावर आलेले कणीस कोणत्या ताटाचे, म्हणजे ज्वारीच्या झाडाचे, होते, ते ताट रानात कुठे उभे होते आणि त्याच्या शेजारची ताटे कशी होती, यांपैकी काहीच खळ्यावर दिसत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे निवड करूनही ज्वारी होती तशीच राहते, आणि कधी कधी नकळत भलत्याच दिशेला सरकते. माझ्या स्वतःच्या रानात हे दोन्ही प्रकार घडले आहेत, म्हणून निवड कशी करावी हे लिहिताना ती कशी फसते हेही सांगणार आहे.

गुण पिढीगणिक बदलायचा असेल तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. एका जातीच्या झाडांत किंवा जनावरांत मुळात फरक असावा लागतो. त्या फरकाचा निदान काही भाग संततीत उतरणारा असावा लागतो. आणि त्या फरकामुळे कोणाची संतती जास्त, तर कोणाची कमी उरावी लागते. हे तीन जुळले की बदल होतोच, मग कोणी उरायचे हे दुष्काळ ठरवो, कीड ठरवो किंवा खळ्यावर बसलेले माणूस ठरवो. दुष्काळाने आणि किडीने केलेल्या निवडीला नैसर्गिक निवड म्हणतात आणि माणसाने हेतूने केलेल्या निवडीला कृत्रिम निवड. डार्विनने १८५९ साली नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा सुरुवात रानातल्या प्राण्यांपासून न करता पाळीव प्राण्यांपासून आणि पिकांपासूनच केली, कारण त्यांतील निवड वाचकाच्या डोळ्यांसमोरची होती.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा. पाण्याचा ताण सोसून ताट काटक बनते आणि तो काटकपणा दाण्यात उतरतो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. तसे होत नाही. गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते. १९७७ साली तिथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. लहान, मऊ बिया पक्ष्यांनी आधी खाऊन संपवल्या आणि मोठ्या, टणक बिया तेवढ्या उरल्या. बहुतेक पक्षी मेले, आणि वाचलेल्यांत टणक बी फोडू शकणाऱ्या जाड चोचीच्या पक्ष्यांचे प्रमाण जास्त निघाले. त्यांची पुढची पिल्लेही सरासरीने जाड चोचीची झाली. कोणाही एका पक्ष्याची चोच दुष्काळात जाड झाली नव्हती. बारीक चोचीचे गेले, इतकेच. पुढे १९८२-८३ च्या अतिवृष्टीनंतर बेटावर बारीक बिया माजल्या आणि कल उलटा फिरला. ज्या जिल्ह्यात १९७२ चा दुष्काळ अजून घराघरांत निघतो, तिथे या गोष्टीचा अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही: दुष्काळ कोणाला शिकवत नाही, तो फक्त वेचतो.

माणसाची निवडही नेहमी हेतूनेच होते असे नाही. रानटी ज्वारीचे दाणे पिकताच गळून पडतात. गळणे हीच त्या गवताच्या पेरणीची रीत आहे. सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी आजच्या सुदानच्या परिसरात लोक ही ज्वारी कापून घरी नेऊ लागले, तेव्हा गळणारे दाणे रानातच राहिले आणि न गळणारे टोपलीत आले. त्या टोपलीतूनच पुढची पेरणी होत गेली आणि आज आपण खळ्यावर बडवून दाणे सोडवतो अशी ज्वारी झाली. न गळणारे दाणे वेचा, असे त्या लोकांना कोणी सांगितले नव्हते. घरचे बी धरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, कारण आपल्याही हातून अशीच नकळत निवड चाललेली असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सर्वांत आधी कोणता गुण बदलायचा हे ठरवावे, आणि तो एकच ठरवावा. टपोरा दाणा, लवकर येणारा फुलोरा, खोडमाशीला दाद न देणे, लोळण्यापासून बचाव, भाकरीची चव, कडब्याचा गोडवा हे सगळे हवेसे असले, तरी पाच गुणांवर एकाच वेळी डोळा ठेवला की कोणत्याच गुणावर निवडीचा जोर पडत नाही. शंभरांतून एक कणीस दाण्यासाठी निवडता येते; परंतु दाणा, फुलोरा आणि कडबा या तिन्ही बाबतींत शंभरांत पहिले ठरेल असे ताट शोधायला अख्खे शिवार पालथे घालावे लागेल. मुख्य गुण एक घ्यावा आणि बाकीच्यांसाठी फक्त 'याच्या खाली नको' अशी मर्यादा आखावी. शिवाय तो गुण मोजता आला पाहिजे. 'जोमदार' हे माप नव्हे. २०० दाण्यांचे वजन हे माप आहे, पेरणीपासून फुलोऱ्यापर्यंतचे दिवस हे माप आहे.

त्यानंतर आपल्या बियाण्यात फरक उरला आहे का, हे पाहावे. डेन्मार्कचे विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेला घेवड्याचा प्रयोग इथे दिवा दाखवतो. त्यांनी एकेका घेवड्याच्या स्वपरागित संततीपासून १९ शुद्ध ओळी तयार केल्या. वेगवेगळ्या ओळींच्या मिश्रणातून मोठे दाणे निवडले, तेव्हा पुढची पिढी मोठ्या दाण्याची आली. परंतु एकाच शुद्ध ओळीतील मोठा दाणा पेरला काय आणि लहान दाणा पेरला काय, दोन्हींची संतती सरासरीने सारखीच निघाली. कारण त्या ओळीतील लहान-मोठेपणा शेंगेतील जागेचा, मातीचा आणि ओलीचा होता, जनुकांचा नव्हता.

हे आपल्याला थेट लागू पडते. या जिल्ह्यात जिचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते ती मालदांडी ३५-१ ही मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून १९३० च्या दशकात निवडलेली शुद्ध ओळ आहे. तिचे पैदासकार किंवा प्रमाणित बियाणे नव्याने आणले असेल, तर त्यात निवड करून दाणा वाढवण्याची खटपट बहुतांशी वाया जाते. तिथे काम इतकेच, की भेसळीची ताटे उपटून वाण शुद्ध राखावा. फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले अनुराधा यांसारख्या वाणांचेही तसेच. याउलट वीस-पंचवीस वर्षे घरात फिरलेली, शेजारच्या रानातून पराग घेतलेली, पाहुण्याकडून आणलेल्या पायलीत मिसळलेली 'घरची मालदांडी' ही नावाने एक असली तरी आतून मिश्र असते. ज्वारी बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, पण वाऱ्याने येणारा परका पराग साधारण ५ ते १५ टक्के दाण्यांत शिरतो, आणि इतका शिरकाव वर्षानुवर्षे झाला की निवडीला पुरेल एवढा फरक साठतो. फरक आहे का हे ओळखायला पोटरीच्या आणि निसवण्याच्या, म्हणजे कणीस पानाच्या आवरणातून बाहेर पडण्याच्या, दिवसांत रानातून चक्कर मारावी. एकाच दिवशी पेरलेल्या, एकसारख्या जमिनीतल्या ताटांत पहिले कणीस आणि शेवटचे कणीस यांच्या निसवण्यात आठ-दहा दिवसांचे अंतर दिसले, काही कणसे घट्ट तर काही मोकळी दिसली, की समजावे की निवडीला वाव आहे.

संकरित वाणाच्या दुसऱ्या पिढीत मात्र हा उद्योग करू नये. संकराचा जोम दुसऱ्या पिढीत ओसरतो आणि गुण फुटतात. त्यातून नवा वाण स्थिर करणे हे वेगळे आणि लांबचे काम आहे.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या तीन वर्षांत मी रानातली सर्वांत मोठी कणसे निवडली. त्यांतली बरीचशी कुठून आली होती, हे मला नंतर आठवून आठवून कळले: काही बांधाच्या कडेची, जिथे दाटी कमी आणि ऊन जास्त, काही जुन्या उकिरड्याच्या जागेवरची, काही खालच्या अंगाच्या सखल पट्ट्यातली, जिथे परतीच्या पावसाची ओल महिनाभर जास्त टिकते. मी ज्वारी निवडत होतो असे मला वाटत होते; प्रत्यक्षात मी माझ्याच रानातली चांगली माती निवडत होतो. माती काही दाण्यात बसून पुढच्या वर्षी पेरली जात नाही. तीन वर्षांनी सरासरी दाणा होता तिथेच होता.

यावर उपाय सोपा आहे. अमेरिकेत गार्डनर यांनी मक्यावर काम करताना १९६१ साली रान चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीतून सारखीच झाडे निवडण्याची पद्धत मांडली. ती ज्वारीला जशीच्या तशी चालते. रानाच्या मधल्या भागात, बांध, वाट, झाडाची सावली आणि उकिरडा सोडून, सुमारे ५ गुंठे जागा आखावी. तीत ५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद अशा २० चौकटी पाडाव्यात. कोपऱ्यांवर काठ्या रोवून सुतळी ओढली की काम झाले. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर एका चौकटीत पूर्ण उगवणीला ३७० च्या आसपास ताटे बसतात. प्रत्येक चौकटीतून फक्त ५ ताटे निवडायची, एकही जास्त नाही. एखादी चौकट हलक्या मुरमाड पट्टीवर पडली असेल आणि तिच्यातील पाचवे ताट शेजारच्या चौकटीतील पन्नासाव्या ताटाहून खुजे दिसत असेल, तरी नियम मोडू नये. मुरमाड पट्टीत शेजाऱ्यांपेक्षा सरस ठरलेले ताट स्वतःच्या गुणाने सरस असण्याची शक्यता जास्त आहे. सखल जागेतले धिप्पाड ताट कदाचित फक्त नशीबवान असेल.

निवडीच्या फेऱ्या दोन कराव्यात. पहिली फेरी निसवण्याच्या वेळी: लवकर निसवलेल्या ताटांना लाल चिंधी बांधावी आणि तारीख वहीत लिहावी. दुसरी फेरी दाणा चिकात असताना. वेळ अमावस्येला आपल्याकडे घरदार रानात येते, कोपीपुढे पूजा होते, आंबिलाची गाडगी रिकामी होतात. रब्बीची पेरणी वेळेवर झाली असेल तर या सुमाराला कणसे भरत आलेली असतात. जेवणे झाल्यावर तासभर काढून प्रत्येक चौकटीतून दहा-दहा ताटांना पांढरी चिंधी बांधली, की काढणीच्या वेळी त्यांतून पाच ठेवणे सोपे जाते. लाल चिंधी नसलेल्या ताटाला पांढरी बांधू नये. हा नियम मी का घातला, ते पुढे येईल.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागला की दाणा पक्व झाला. मग सगळे रान काढण्याआधी चिंधीची कणसे स्वतः खुडावीत. हे काम रोजंदारीवर सोपवू नये, कारण ताटे उपटून पेंढ्या बांधण्याच्या गडबडीत चिंधी कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याच वेळी आणखी एक कंटाळवाणे काम करावे, जे बहुतेक जण टाळतात. प्रत्येक चौकटीतून, न निवडता, ओळीने चालत ठरावीक पावलांवर जे येईल ते कणीस घेत आणखी ५ कणसे खुडावीत. ही १०० कणसे म्हणजे रानाची सरासरी. ती माहीत नसेल तर आपण किती निवडले हे कधीच कळणार नाही. प्रत्येक कणीस वेगळे चोळून त्यातील २०० दाणे मोजावेत आणि ग्रॅमचा दशांश दाखवणाऱ्या काट्यावर तोलावेत. वजनाला ५ ने गुणले की हजार दाण्यांचे वजन मिळते. निवडलेल्या कणसातून सरासरी ४० ग्रॅम दाणे निघाले, तरी १०० कणसांचे ४ किलो होतात आणि हेक्टरी १० किलोच्या हिशोबाने तेवढे बी एक एकराला पुरते.

आता हिशोब. समजा, रानाच्या सरासरी कणसात हजार दाण्यांचे वजन ३४ ग्रॅम भरले आणि निवडलेल्या कणसांत ४०. म्हणजे निवडीचा फरक ६ ग्रॅमचा. पुढची पिढी ४० ग्रॅमची येईल अशी आशा धरू नये, कारण त्या ६ ग्रॅमपैकी काही वाटा मातीचा, ओलीचा आणि दैवाचा आहे. संततीत जेवढा वाटा उतरतो त्याला आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात. ते ०.४ असेल तर वाढ २.४ ग्रॅमची, ०.१ असेल तर अवघी ०.६ ची. हे प्रमाण पुस्तकातून उचलू नये, आपल्या रानातून काढावे, आणि त्यासाठी जुने बी राखून ठेवावे. निवड सुरू करण्याच्या वर्षीचे, न निवडलेले दोन-तीन किलो बी वेगळे ठेवावे आणि पुढच्या वर्षी चार ओळी नव्या बियाण्याच्या, चार ओळी जुन्या बियाण्याच्या, पुन्हा चार नव्या, पुन्हा चार जुन्या, असे आलटून पालटून निदान चार वेळा पेरावे.

हे जुने बी किती कामाचे, ते पाहा. समजा, पुढचे वर्ष कोरडे गेले आणि नव्या बियाण्याचे वजन ३३ ग्रॅम भरले. गेल्या वर्षी रानाची सरासरी ३४ होती, म्हणजे निवड करून दाणा घटला, असे म्हणून माणूस नाद सोडून देईल. परंतु त्याच कोरड्या वर्षी शेजारच्या ओळींत जुन्या बियाण्याचे वजन ३१ भरले असेल, तर खरी वाढ २ ग्रॅमची आहे. ६ पैकी २, म्हणजे प्रमाण सुमारे ०.३३, आणि हे ज्वारीच्या रानात वाईट नव्हे. जुने बी शेजारी नसते तर वर्षाचा दोष बियाण्याच्या माथी बसला असता. उलटही होते: चांगल्या पावसाच्या वर्षी कोणतेही बी निवडणाऱ्याला शहाणा ठरवते.

दुसऱ्या वर्षापासून ज्याला अधिक खोलात जायचे असेल त्याने कणीस-ओळ पद्धत धरावी. निवडलेल्या प्रत्येक कणसाचे अर्धे दाणे डबीत ठेवून अर्धे स्वतंत्र ओळीत पेरावेत. कणसाची पारख त्याच्या रूपावरून न करता त्याच्या तीस-चाळीस लेकरांवरून होते, आणि मातीने केलेली फसवणूक इथे बरीचशी उघडी पडते. ज्या ओळी सरस ठरतील, त्यांचे डबीतले राखीव बी पुढच्या वर्षी एकत्र करून पेरावे. या टप्प्यावर परका पराग नको असतो. आदर्श म्हणजे दुसऱ्या ज्वारीपासून २०० मीटर अंतर, पण चहूकडे ज्वारीच असलेल्या गावात ते कुठून मिळणार? त्यामुळे कणीस निसवले आणि फुलोरा अजून सुरू व्हायचा आहे, एवढ्यातच त्याला जाड कागदाची पिशवी घालावी. फुलोरा कणसाच्या शेंड्याकडून सुरू होऊन आठवडाभरात बुडापर्यंत उतरतो. तो संपल्यावर पिशवी काढावी, नाहीतर आत मावा आणि बुरशी माजते.

लाल चिंधीचा नियम ज्यामुळे आला, ती दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडली. चौकटींची पद्धत धरल्यावर माझा दाणा खरोखर वाढू लागला आणि मी खुशीत होतो. पण मोठे कणीस बहुधा उशिरा निसवणाऱ्या ताटाला येते, कारण त्याला पाने धरायला आणि वाढायला जास्त दिवस मिळतात. मी दाणा निवडत गेलो आणि सोबत उशीरही निवडत गेलो. आपली रब्बी ज्वारी पावसावर नव्हे, तर काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर पिकते, आणि ती ओल दिवसागणिक खाली जाते. परतीचा पाऊस न आलेल्या एका वर्षी माझी निवडलेली ज्वारी दाणा भरण्याच्या ऐन वेळी कोरड्यात सापडली. बुडखे आतून पोकळ पडले, खडखड्या रोगाने ताटे आडवी झाली, आणि त्याच रानात तुलनेसाठी पेरलेल्या जुन्या बियाण्याच्या ओळी मात्र निमूटपणे उभ्या होत्या. जुन्या बियाण्यातली उशिराची ताटे कितीतरी दुष्काळांनी आधीच वेचून काढली होती. मी ती मेहनतीने परत आणली होती. गुण एकमेकांना बांधलेले असतात, एक ओढला की दुसरा सोबत येतो. म्हणून मुख्य गुण दाणा असला तरी निवड फक्त लवकर निसवणाऱ्यांतूनच करावी.

निसर्गाच्या निवडीचा असा विरोध होतो, तसा तिचा उपयोगही करून घेता येतो. खोडमाशीचे उदाहरण घ्यावे. ही माशी कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला एकेक पांढुरके, लांबट अंडे घालते. अळी पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधल्या गुंडाळलेल्या पानांत, उतरून वाढीचा कोंब खाते आणि पोंगा सुकतो. उगवणीनंतरचा पहिला महिना धोक्याचा. ज्या रोपांची पाने चकचकीत असतात आणि पानांच्या खालच्या बाजूला सूक्ष्म लव असते, त्यांच्यावर माशी कमी अंडी घालते. निवडीच्या चौकटींपैकी चार-पाच चौकटींत बियाण्याला कीटकनाशक न चोळता पेरावे आणि माशीला तिचे काम करू द्यावे. पोंगेमर होऊन गेलेली रोपे परस्पर बाद होतात. सकाळच्या तिरप्या उन्हात रोपांच्या ओळीकडे खाली वाकून पाहिले, तर चकचकीत पानांची रोपे वेगळी ओळखू येतात. एकाच सुटलेल्या रोपावर विश्वास ठेवू नये, कारण माशी चुकूनही चुकते. ज्या कणसाच्या ओळीत बहुतेक रोपे वाचली, ती ओळ धरावी.

हीच निवड आपल्या विरुद्धही चालते. तूर आणि हरभऱ्यावरील घाटेअळीवर एकाच गटाचे औषध दर आठवड्याला मारले, की त्याला बळी पडणाऱ्या अळ्या मरतात, न पडणाऱ्या उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच असते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आंध्रातील कपाशीवर पायरेथ्रॉइड गटाची औषधे या अळीपुढे अशीच लंगडी पडली. अळीला औषधाची 'सवय' झाली असे आपण म्हणतो. खरे तर सवय कोणालाच झालेली नसते. निवड संथ करायची तर औषधांचा गट दर फवारणीला बदलावा, आर्थिक नुकसानीची पातळी गाठल्याशिवाय फवारू नये, कामगंध सापळे आणि पक्षिथांबे लावावेत, जेणेकरून अळ्या मरण्याचे कारण दर वेळी वेगळे राहील.

शेळ्यांबाबत थोडक्यात. उस्मानाबादी शेळी ही धाराशिव, लातूर आणि सोलापूर भागातली जात असून जुळी करडे देण्याबद्दल तिची ख्याती आहे. परंतु आपल्याकडे निवड उलटी चालते: जो बोकड सर्वांत लवकर वजन धरतो तो बकरी ईदेच्या बाजारात जातो आणि मागे राहिलेला, न विकलेला बोकड कळपाचा बाप होतो. निदान एक चांगला बोकड विक्रीतून वगळावा. तो जुळ्यातला असावा, आणि त्याच्या आईने एकदाच नव्हे तर तीन-चार वेतांत जुळी दिलेली असावीत. जुळेपणाचे आनुवंशिक प्रमाण कमी असल्याने एका वेताची साक्ष पुरत नाही. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड म्हणजे पुढच्या सगळ्या करडांचा अर्धा वारसा एकाच जनावराकडून येतो, म्हणून बोकडाच्या पारखीत कसूर करू नये. त्याच्या लेकी माजावर येण्यापूर्वी, म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांत, तो दुसऱ्या गावच्या बोकडाशी बदलून घ्यावा.

निवड किती वर्षे चालवावी, असा प्रश्न हमखास येतो. इलिनॉय विद्यापीठात १८९६ साली १६३ कणसांपासून मक्याच्या दाण्यातील तेल वाढवण्याची निवड सुरू झाली. सुरुवातीला ५ टक्क्यांच्या आत असलेले तेल शंभर पिढ्यांनंतर २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. ज्वारीकडून ही अपेक्षा ठेवू नये. मका परक्या परागाने फळतो, त्यामुळे त्याच्यात जनुकांची फेरजुळणी दर पिढीला होते; ज्वारी बहुतांशी आपल्या आपणच फळते, म्हणून असलेला फरक पाच-सात वर्षांत संपत येतो आणि वाढ थांबते. थांबली की दुसऱ्या गावची जुनी ज्वारी आणून मधल्या ओळींत पेरावी, एक-दोन वर्षे दोघींना मोकळे फळू द्यावे आणि पुन्हा चौकटी आखाव्यात.

वजनाच्या मापात न बसणारी एक परीक्षा घरातच होते. दर वर्षी नव्या आणि जुन्या बियाण्याचे शेरभर दाणे वेगवेगळे दळून, कोणते कुठले हे न सांगता, भाकऱ्या थापायला द्याव्यात. पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, आहे का, थापताना कडा चिरतात का, भाकरी पूर्ण फुगते का, आणि कडक भाकरी करून ठेवली तर चार दिवसांनी तिचा खुसखुशीतपणा राहतो का, हे थापणारीच्या हाताला जेवढे कळते तेवढे माझ्या काट्याला कळत नाही. आमच्या घरी एका वर्षी सर्वांत टपोऱ्या दाण्याची ओळ या परीक्षेत नापास झाली आणि मी ती मुकाट्याने गुरांच्या दाण्यात घातली.

अशा रीतीने तयार झालेले बी पेरणे, राखणे, देवघेव करणे आणि विकणे यांचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. संरक्षित वाणाचे बी मात्र त्या नावाच्या छापील पिशवीत विकता येत नाही. स्वतःचा वाण वेगळा आणि स्थिर ठरला तर त्याची शेतकरी वाण म्हणून नोंदणीही करता येते.

राहिले ते तुलनेचे जुने बी. ते कडक उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, वर्ष लिहिलेली चिठ्ठी आत टाकून ठेवावे आणि दोन-तीन वर्षांनी एकदा थोडे पेरून ताजे करावे. ताजे करताना त्यात कोणतीही निवड करू नये, जे उगवेल ते सगळे सारख्या प्रमाणात धरावे. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. ती ७५ टक्क्यांच्या खाली आली असेल तर त्या वर्षी तुलनेच्या ओळी पेरू नयेत, कारण सोंडे आणि दमटपणा यांतून तगलेले दाणेच मागे राहिले असतील, म्हणजे डब्यातही एक निवड होऊन गेली असेल आणि ते बी आता जुने राहिलेले नसेल.